मागचं काम

लातूर, १२ मार्च

अण्णा,
जयभीम.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. आपला आनंदराज सांगतो, स्क्रीनवर माझं नाव आलं की तुम्ही फोन पालथा घालता आणि ब्रश धुवायला उठता. म्हणून पत्र लिहितेय. हातानं लिहिलेलं अक्षर समोर आलं की ते कसं काढलंय हे बघितल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही. तेव्हा निदान अक्षर बघायला तरी उघडाल.

मी बरी आहे. औसा रोडला खोली घेतलीय. तनुजा नावाची एक मुलगी बरोबर राहते, दवाखान्यात नर्स आहे. मी एका खासगी शाळेत चित्रकला शिकवते. शिकवते म्हणजे, गणिताच्या सरांना माझा तास नको असेल त्या दिवशी शिकवते. बाकीचे दिवस मला स्टाफरूममध्ये बसवून स्नेहसंमेलनाच्या पाट्या रंगवायला देतात. आपण पेंटरची पोरगी आहोत हे पहिल्याच दिवशी सांगायला नको होतं.

किनवटवरून मी तशीच बस धरून इकडं निघून आले, त्याला वर्ष होत आलं. तुम्ही घरी सांगितलंत, पोरीच्या डोक्यात हवा गेली. आता माझ्याकडून ऐका.

वसतिगृहाच्या जेवणाच्या हॉलमधली ती मोठी भिंत. काम आपण नेहमीसारखं वाटून घेतलं होतं. पुढचं तुमचं, मागचं माझं. मी दुसरीत होते तेव्हापासून मागचं काम माझ्याकडं आहे. तुम्ही बाबासाहेबांचा चेहरा काढायचा, बुद्धाचे डोळे काढायचे, आणि मी मागं आभाळ भरायचं, पिंपळाची पानं काढायची. नांदेड जिल्ह्यातल्या किती विहारांत माझं आभाळ आहे, आणि खाली सही ‘रवी पेंटर, नांदेड’. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण एकच आभाळ वर्षानुवर्षं भरता भरता मला मागचंच जास्त दिसायला लागलं. तुम्ही एखाद्या गावात विहाराची भिंत हातानं चाचपून बघत असायचात, तेव्हा मी दारात उभी राहून गावाबाहेरचं रान बघत असायचे. एकदा तुम्ही विचारलंतसुद्धा, “काय बघायलीस?” मी म्हणाले, “काही नाही.” खरंच तिथं काही नव्हतं. नुसतं रान होतं.

किनवटला एप्रिलचं ऊन होतं. सागाची पानं झडलेली, डोंगर उघडा पडलेला, शिळ्या भाकरीच्या रंगाचा. मी मागं निळं आभाळ भरायच्या ऐवजी तो डोंगर काढला. जेवायला आलेली एक लहान मुलगी ताट हातात घेऊन थांबली आणि म्हणाली, “ह्यो तर आमचा डोंगर हाय.” अण्णा, तुमच्या हाताखाली इतकी वर्षं काम केलं, पण माझ्या भागासमोर कुणी थांबलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून येते तर तुम्ही सगळ्या डोंगरावर निळा फिरवून मोकळे! डब्यातला निळा, तसाच्या तसा.

मी विचारलं, “अण्णा, हे काय केलं?”

तुम्ही मान वर न करता म्हणालात, “नजर मागं जायली होती. चेहऱ्यावर थांबत नव्हती.”

“मग चेहरा तेवढा दमदार काढायचा.”

हे मी वॉर्डनसमोर बोलले, ते तुम्हाला लागलं. लागू दे. कारण त्यावर तुम्ही जे बोललात ते मला रोज सकाळी चहाबरोबर आठवतं. “ज्याच्या नावावर वीतभर जमीन न्हाई त्यानं डोंगर काढून काय करावं? रानाची चित्रं रानवाल्यानं काढावी. तुझ्या आज्यानं घातला होता मातीत हात. काय झालं मालूम हाय न्हवं?”

मालूम आहे. आपल्या घरात सगळ्यांनाच मालूम आहे. केरबा आजोबांनी बिलोलीकडच्या गावात गायरानातली पडीक जमीन फोडली, धोंडे वेचले, ज्वारी केली. ज्वारी चांगली आली त्याच वर्षी गावानं उभ्या पिकात गुरं सोडली. आजोबा सरजा आजीला आणि तुम्हाला घेऊन नांदेडला आले आणि एका पेंटरकडं रंग ढवळायला लागले. म्हणून ते पेंटर झाले, म्हणून तुम्ही झालात, आणि म्हणून मी. त्या गायरानाशिवाय माझ्या हातात ब्रशच आला नसता. मग मी रान काढायचं नाही हा कुठला न्याय?

उत्तर द्या. नुसतं अक्षर बघून ठेवून देऊ नका.

लुंबिनी


लातूर, ६ एप्रिल

अण्णा,

तुमचं उत्तर नाही. आनंदराज म्हणाला, पत्र वाचलंत आणि म्हणालात, “वेलांट्या फार वाकवायली.” बरं. या पत्रात सरळ काढते.

तुम्हाला हसायला येईल अशी एक गोष्ट सांगते. मला आलं नाही.

इथं गल्लोगल्ली शिकवण्या आहेत. त्यातल्याच एका क्लासच्या दयानंद सरांनी मला बोलावलं. खाली पोरं थांबतात त्या हॉलची अख्खी भिंत. म्हणाले, “मॅडम, मस्त निसर्ग काढा. पोरं दिवसभर पुस्तकात असतात, फ्रेश झाली पाहिजेत.” मला इतका आनंद झाला की मी शाळेत रजा टाकली. पहिल्यांदा कुणी मला मागचं काम पुढचं म्हणून दिलं होतं.

मी लातूरच्या बाहेरचं माळरान काढलं. हरभरा निघून गेलेली काळी जमीन, तिला पडलेल्या भेगा, बांधावरची एकटी बाभळ, आणि लांबवर जिथं जमीन संपते तिथली पिवळट धूळ. तो धुळीचा रंग मला सापडत नव्हता. शेवटी मी पांढऱ्यात गेरू आणि थोडा जांभळा मिसळला तेव्हा तो जमला, आणि त्या दिवशी मी आनंदात एकटीच पाणीपुरी खाल्ली.

दयानंद सर आले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, हे तर बसमधून येताना फुकट दिसतं.”

“हिरवं टाका ना थोडं. एक धबधबा टाका मधून.”

“सर, लातुरात धबधबा?”

“म्हणून तर! असता तर भिंतीवर कशाला काढून घेतला असता?”

अण्णा, बघा ना. ज्या शहराला एके काळी रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, त्या शहरातला माणूस भिंतीवर पाणी मागतोय. मला राग आला तो त्याचा नाही. त्याचं बोलणं मला पटलं याचा आला.

मी धबधबा काढला. बाभळीच्या जागी देवदार, भेगांच्या जागी गवत, मागं बर्फ. हात आपोआप चालत होता, तुम्हीच शिकवलेला हात. आता पोरं त्याच्यासमोर उभी राहून सेल्फी काढतात. सरांनी आणखी दोन क्लासवाल्यांना माझा नंबर दिलाय. दोघांनाही धबधबाच पाहिजे.

आनंदराजनं तुम्हाला फोटो दाखवला. तुम्ही काय म्हणालात तेही त्यानं सांगितलं: “पाणी चांगलं पडायलंय.” वर्षभरात तुमच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला एकच चांगला शब्द, आणि तो त्या धबधब्यासाठी!

मला धबधबे काढायचे नाहीत. निळं आभाळही भरायचं नाही. मला जे आहे ते काढायचंय. सुट्टी लागली की मी आपल्या गावाला जाणार आहे, गायरान बघायला. तुमची परवानगी मागत नाही, कळवतेय.

लुंबिनी


बिलोली बसस्थानक, ३ मे

अण्णा,

लातूरची गाडी यायला अजून वेळ आहे. बाकावर बसून लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नका.

मी गावात जाऊन आले.

तुम्ही कधी सांगितलंच नाही की ते इतकं उंचावर आहे. मला वाटायचं गायरान म्हणजे गावाच्या कडेला पडलेली एखादी टाकाऊ पट्टी. तसं नाही. गाव खाली राहतं आणि तिथून तिन्ही बाजूंनी लांबपर्यंत दिसतं. अर्ध्यावर आता सोलरच्या प्लेटा बसवल्यात, ओळीनं, आणि भोवती तारेचं कुंपण. उरलेलं अर्धं तसंच आहे. मुरूम, तरवड, धोंडे.

मी छत्री रोवून बसले आणि काढायला लागले. थोड्या वेळानं एक म्हातारी शेळ्या घेऊन आली. गुरम्मा तिचं नाव. लांबूनच ओरडली, “मोजणीवाली हाव का गं?”

“नाही, चित्र काढतेय.”

“कशाचं?”

“ह्याचंच.”

तिनं चित्राकडं बघितलं, माळाकडं बघितलं. “ह्यात काय हाय काढण्यासारखं? मागल्या खेपेला असंच एकजण कागद घिऊन बसला होता. मग ह्या प्लेटा आल्या.” तिच्या मागून कुंपणावरचा राखणदारही आला, मलप्पा म्हणून. त्यानं माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग पुन्हा नाव विचारलं. तुम्हाला माहीत आहे ते कसं विचारतात.

मी म्हणाले, “केरबा पेंटरची नात मी. रविकांतची पोरगी. माझे आजोबा इथं ज्वारी करायचे.”

मलप्पा नवीन माणूस, त्याला काही कळलं नाही. पण गुरम्मा तिथंच थबकली. शेळ्या पुढं निघून गेल्या तरी हलली नाही. मग कुंपणाच्या अलीकडच्या एका चढाकडं हात करून म्हणाली, “थितं. त्या तरवडाच्या खालून वरपत्तोर. लई धोंडे काढले त्यानं. अजून पडलेत बघ कडंला.”

खरंच पडलेत, अण्णा. कडेनं रचून ठेवलेले आहेत, एकावर एक. कुणी हलवले नाहीत.

थोड्या वेळानं ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “आमचीबी गुरं होती त्यात.”

तुम्ही असता तर काय बोलला असता? तिनं माफी मागितली नाही. ती तेव्हा नवी सून असणार, गुरं काही तिनं सोडली नसतील. पण ती ‘आमची’ म्हणाली. मग तिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या छत्रीखाली ठेवली आणि शेळ्यांमागं गेली. मी ते पाणी प्याले. प्यावं की न प्यावं याचा विचार करत बसले होते, पण ऊन फार होतं.

मी तिथं तीन दिवस जाऊन बसले. रात्री तनुजाच्या ओळखीनं बिलोलीतच एका घरी राहिले. चित्र निम्म्याच्या वर झालंय. प्लेटा पण काढल्यात. त्या नसल्यासारखं मला करायचं नाही.

गाडी लागली.

लुंबिनी


लातूर, २५ मे

अण्णा,

दोन बातम्या.

चित्र पुरं झालं. आणि इथं जूनच्या शेवटी मराठवाड्यातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरतंय, त्यात ते निवडलं गेलं. फोनवरून फोटो पाठवले होते. निसर्गचित्रांच्या विभागात आठच चित्रं आहेत, त्यात माझं एक. मला पहिल्यांदा खोटंच वाटलं. तनुजानं मला बळंच मिठाईच्या दुकानात नेलं.

आनंदराज मावसबहिणीच्या लग्नाला इकडं आलाय, त्याच्या हाती चित्र नांदेडला पाठवतेय. प्रदर्शनात लोक बघतील त्याच्या आधी तुम्ही बघावं असं वाटलं. का वाटलं ते विचारू नका. तुम्ही तिथून निघालात तेव्हा आठ वर्षांचे होता. मी काढलंय ते बरोबर आहे का, चढ तेवढाच आहे का, धोंडे तिथंच होते का, हे सांगणारं दुसरं कुणी राहिलं नाही. चार ओळी लिहून पाठवा. चूक असेल तर चूक म्हणून लिहा.

बघून परत पाठवा. चौकट इथं करणार आहे.

लुंबिनी


लातूर, १४ जून

अण्णा,

हे तुम्ही काय केलंत?

आत्ता आनंदराज चित्र ठेवून गेला. जुन्या फ्लेक्समध्ये गुंडाळलं होतं, कुठल्या तरी वाढदिवसाच्या. मी सोडलं आणि मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं चित्र आलंय.

माझ्या चढावर माणूस उभा आहे!

तुम्ही मला विचारलंत का? एक फोन केलात का? मी चार ओळी मागितल्या होत्या, माणूस मागितला नव्हता. रंग अजून ओला आहे, फ्लेक्सला चिकटून त्याचा डावा खांदा फरफटलाय. म्हणजे इतके दिवस चित्र तुमच्यापाशी होतं आणि तुम्ही शेवटच्या दोन-तीन दिवसांत हे केलंत.

मी त्याच तिरीमिरीत आयोजकांना फोन लावला. म्हणाले, “मॅडम, तुम्ही पाठवलेल्या फोटोत तर माणूस नव्हता.”

“नव्हता. आता आहे.”

“मग अवघड आहे. निवड निसर्गचित्रात झालीय. माणूस आला की विभाग बदलतो.”

“म्हणजे काय करायचं?”

“काढून टाकता येत असेल तर बघा. सोळा तारखेपर्यंत चित्र जमा करायचंय.”

काढून टाकता येतो. ओला आहे तोवर टर्पेंटाईनच्या एका चिंधीत निघून जाईल, खालचा माझा रंग वाळलेला आहे, त्याला काही होणार नाही. हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्हीच शिकवलंय.

पंचवीस-तीस भिंतींवर मी तुमच्या चेहऱ्यांच्या मागं राबले. एकदाही पुढं आले नाही. एकदा माझा डोंगर आला तर त्याच्यावर तुम्ही निळा फिरवलात. आता सगळं चित्रच माझं आहे, त्यात मागचं-पुढचं असं काही नाहीच, तर तुम्ही त्याच्या पुढं माणूस आणून उभा केलात. तुम्हाला रिकामी जमीन बघवतच नाही का? कुणीतरी उभं राहिल्याशिवाय जमीन दिसत नाही का तुम्हाला?

उद्या मी त्याला पुसणार आहे. कळवतेय. म्हणजे नंतर आनंदराजकडून कळायला नको.

लुंबिनी


लातूर, १९ जून

अण्णा,

जयभीम.

त्या दिवशी पत्र टाकलं आणि संध्याकाळी आनंदराजला फोन केला, भांडायलाच. त्याला म्हणाले, “तू बघत काय बसला होतास? थांबवता येत नव्हतं?”

तो म्हणाला, “ताई, मी कसं थांबवू? पहिले कितीतरी दिवस ते नुसते चित्रासमोर बसले. जेवायला हाक मारली तर उठायचे, परत येऊन बसायचे. आई म्हणाली, काय बघायलाव एवढं? मग एका सकाळी रंग काढले.”

“पण कशाला?”

“मी विचारलं. म्हणलं, अण्णा, ताईचं चित्र हाय, ती चिडंल. तर म्हणाले, चिडू दे, चढ बरोबर काढलाय तिनं.”

आनंदराजला वाटलं फोन कटला.

मग मी विचारलं, “आणि पाठमोरा का काढला? अण्णांनी जन्मात कधी कुणाची पाठ काढली नाही.”

“तेबी विचारलं. म्हणाले, मी मागून चालायचो. म्होरचं मला काय दिसत नव्हतं. बापाची पाठच दिसायची.”

तोवर मी त्या माणसाला नीट बघितलंच नव्हतं, अण्णा. रागात नुसता माणूस दिसला होता. मग दिवा जवळ घेऊन बसले. मळका सदरा, डोक्याला पटका, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. आजोबा मला आठवतात ते शिडीवर चढलेले, चष्मा लावलेले, बोर्डावर वाकलेले पेंटर. हा माणूस मला माहीत नव्हता. तुम्ही इतके चेहरे काढलेत, सगळे एका मापाचे, स्वच्छ, ताठ. ही पाठ तशी नाही. तुमच्या हातून एवढं चांगलं काही निघालेलं मी बघितलेलं नाही. हे लिहितानासुद्धा मला चीड येतेय, कारण ते माझ्या चित्रात आहे.

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिंधी टर्पेंटाईनमध्ये बुडवली. पहिलं प्रदर्शन होतं माझं. ते सोडायला मी काही संत नाही.

सुरुवात पायांपासून केली. कारण पाय चूक होते. तुम्हाला सांगते ना, अगदी चूक! माणूस जमिनीवर उभाच नव्हता. बोर्डावर चिकटवल्यासारखा, टाचा हवेत, खाली कशाचा भार नाही. तुम्ही उभ्या जन्मात माणसाला जमिनीवर उभं केलेलं नाही, छातीपर्यंत काढून सोडून देता, खाली निळा नाहीतर फुलांचा हार. तुम्हाला कुठून येणार?

दोन्ही पाय पुसले. मग गुडघ्यापाशी हात थांबला. तो तसाच, पायांशिवाय, माझ्या चढावर लटकत राहिला. मी चिंधी खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली. तनुजा ड्यूटीवर निघाली होती. दारातून म्हणाली, “अगं, एक तर पूर्ण पूस, नाहीतर पाय तरी दे बिचाऱ्याला.”

मी पाय दिले.

तळवे दिसतच नाहीत आता. फोडलेल्या ढेकळांत घोट्यापर्यंत बुडालेत. टाचांच्या मागं माती थोडी उचलली गेलीय, माणूस चढावर जोर देतो तेव्हा उचलते तशी. सदऱ्याच्या खालच्या कडेलाही ती धूळ आणली, पांढऱ्यात गेरू आणि थोडा जांभळा. खांदा फरफटला होता तो तसाच ठेवला. तो दुरुस्त करायला गेले असते तर तो माझा झाला असता.

दुपारी आयोजकांना फोन करून चित्र मागं घेतलं. त्यांनी विचारलं, “मॅडम, नक्की? पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही.” मी नक्की म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर रडले. माझ्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी तळ्याचं चित्र लागणार आहे म्हणे. तुम्ही माझं पहिलं प्रदर्शन घालवलंत, अण्णा, हे मी विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरू नका. मी त्याला ठेवला तो तुमच्यासाठी नाही. तो माणूस तिथं होता म्हणून ठेवला. मी तिथं तीन दिवस बसले आणि मला तो दिसला नाही, याचाही मला राग आहे.

चित्र माझ्या खोलीत आहे. पुरं झालेलं नाही. त्याला सावली नाही.

सावली मला काढता येत नाही, कारण तो कोणत्या वेळेचा आहे हे मला माहीत नाही. सकाळी तुम्ही दोघं रानात निघायचा तेव्हाचा असेल तर सावली डावीकडं लांब पडेल, धोंड्यांपर्यंत. दुपारचा असेल तर पायाखालीच येईल. आणि गुरं शिरली त्या दिवसाचा असेल, तर गुरं किती वाजता आली ते मला कुणी कधी सांगितलेलं नाही. घरात सगळ्यांना मालूम आहे म्हणून मी लिहिलं होतं. मला काहीच मालूम नाही, अण्णा. मागून चालताना तुम्हाला ऊन कुठून लागत होतं, तेवढं सांगा.

रविवारी मी घरी असते. नांदेडवरून सकाळच्या गाडीनं निघालात तर दुपारी पोचाल. यायचं नसेल तर फोन करा, मी उचलेन.

आलात तर तुमचे ब्रश घरी ठेवून या.

लुंबिनी